कागदाखालची सही

एकोणसाठ सालच्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिका विजयलक्ष्मी अम्माळ यांना एक कल्पना सुचली आणि ती माझ्या मानगुटीवर बसली. त्यांचं म्हणणं असं की, सहावी ते आठवीच्या मुलींच्या घरी नुसते मार्क पाठवून आई-बापांना काही कळत नाही. तेव्हा मार्कांचं कार्ड बंद. त्याऐवजी वर्गशिक्षिकेने दर महिन्याला प्रत्येक मुलीच्या घरी, त्या घरच्या भाषेत, पत्र लिहायचं: मुलगी वागते कशी, कुठे कमी पडते, शाळेची अपेक्षा काय. खाली पालकांची सही घेऊन पत्र परत आणायचं. कल्पना चांगलीच होती. फक्त बेचाळीस मुलींचा वर्ग अम्माळांच्या गळ्यात नव्हता, माझ्या होता.

मी कृष्णवेणी, तंजावरकडची मराठी. मद्रासच्या जॉर्ज टाउनातल्या त्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवत होते आणि त्यातली निदान दहा वर्षं बसलेल्या घशाने. दुपारपर्यंत आवाज जायचा, मग फळ्यावर लिहून वेळ मारून न्यायची. त्यात ही पत्रं. महिन्याच्या शेवटी माझी बोटं आखडून जायची.

आठवीत माझ्याकडे सुनीती नावाची नवी मुलगी आली. वडील विद्याधर रेल्वेत, बदली होऊन साताऱ्याहून मद्रासला आलेले, महिन्यातले बरेच दिवस लाइनवर फिरतीला. घरात आई, अलकनंदाबाई. शाळेत मराठी येणारी मी एकटी, त्यामुळे ही मुलगी दुसऱ्या कोणाच्या वर्गात जाणं शक्यच नव्हतं. पोरगी शांत, नीटनेटकी, वेणी घट्ट. पण तमिळमध्ये पार कोरी. अक्षरं तिने दोन महिन्यांत गिरवून घेतली. भाषा मात्र डोक्यावरून जायची.

पहिल्या पत्रात मी ते सरळ लिहिलं. आमच्या घरी जसे कागद लिहितात तसाच लिहिला. सही होऊन परत आला: 'अलकनंदा', सुबक बालबोध अक्षरात. सोबत कागदाच्या पुडीत ज्येष्ठमध. दुसऱ्या महिन्यात लिहिलं की मुलीकडे लक्ष द्या. सही, ज्येष्ठमध. सप्टेंबरपासून सुनीती शुक्रवारच्या तमिळच्या तासाला गायब होऊ लागली. पोट दुखतं म्हणून सांगायची आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. ऑक्टोबरात मी लिहिलं की ताबडतोब येऊन भेटा. सही आली, ज्येष्ठमध आलं, बाई काही आल्या नाहीत.

मला भयंकर राग आला. पोरगी बुडते आहे आणि ही बाई मला ज्येष्ठमध पाठवते. साताऱ्याच्या लोकांना आम्ही तंजावरकर म्हणजे जुनाट, भेसळीची मराठी बोलणारे वाटतो, हे मी ऐकून होते. म्हणून माझं पत्रही हिने मनावर घेतलं नसावं असं मी ठरवून टाकलं. रागात का होईना, ज्येष्ठमध मात्र मी चघळत होते. त्याने बरं वाटायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी बस पकडून पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले. एप्रिलच्या परीक्षेत तमिळमध्ये नापास म्हणजे आठवीत पुन्हा एक वर्ष, हे तोंडावर सांगून यायचं होतं. बसमध्ये पाठ करत गेले होते, नाहीतर दमलेल्या माणसाकडून ऐन वेळी मवाळ बोललं जातं.

अलकनंदाबाई पस्तिशीच्या, साध्या पातळात. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की माझं पाठ केलेलं पहिलंच वाक्य अडकलं. त्यांनी चहा टाकला. कॉफी विचारली असती तर बरं झालं असतं, पण ते असो. चहा देताना त्या म्हणाल्या की, त्यांच्या मुलीबद्दल इतकं प्रेमाने आजवर कोणी लिहिलं नव्हतं. मला वाटलं टोमणा मारतायत. तेवढ्यात त्यांनी एक वही आणली आणि वाचू लागल्या.

"'सुनीती परक्या मुलखातून आली, पण तिने हार मानलेली नाही. डबा खाताना ती एकटी नसते. तमिळ हळूहळू जमतं आहे. आपण इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नये.'" त्यांनी पान उलटलं. "'माझा घसा दुपारनंतर बसतो, तेव्हा सुनीती फळा पुसून देते.' हे जुलैचं. तेव्हापासून मी ज्येष्ठमध पाठवते आहे."

मी विचारलं की, हे कुठून आणलं.

त्या म्हणाल्या, पत्र तर परत द्यावं लागतं, आणि यांना घरी आल्यावर वाचून दाखवायचं असतं. म्हणून सुनी वाचते आणि त्या उतरवून घेतात. "मला ती तुमची तमिळ लिपी कुठे येते?"

चहा हातातच राहिला. आमच्याकडे सगळे कागद असेच लिहितात: भाषा मराठी, अक्षरं तमिळ. माझ्या वडिलांची पत्रं तशी, लग्नाच्या याद्या तशा, आजीच्या सांबाऱ्याची कृती तशी. पोथ्यांची बालबोध, म्हणजे देवनागरी, मी वाचते. पण घरच्या कागदाला दुसरी लिपी लागते हे सव्वीस वर्षं मास्तरकी करून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सहा महिने मी या बाईला न वाचता येणारी पत्रं पाठवत होते आणि वर तिच्यावर डाफरत होते.

स्वयंपाकघराच्या दारात सुनीती उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी फार दमले होते. चहा संपवून, छान आहे हो मुलगी, म्हणून उठता आलं असतं. मग एप्रिलमध्ये निकालच बोलला असता, आणि त्या दिवशी ही बाई एकटी असती. मी वहीचं कोरं पान काढायला सांगितलं. म्हटलं, मी सांगते, तुम्ही लिहा.

"सुनीती तमिळच्या प्रत्येक चाचणीत नापास आहे. सप्टेंबरपासून ती शुक्रवारच्या तासाला बसलेली नाही. तिला भाषा कळत नाही, आणि कळत नाही हे तिने कोणाला सांगितलं नाही. असंच राहिलं तर तिला आठवी पुन्हा करावी लागेल."

'पुन्हा'पाशी पेन थांबलं. थोड्या वेळाने अलकनंदाबाईंनी तो शब्द पुरा केला.

"सोमवारपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास ती माझ्याकडे बसेल," मी पुढे सांगितलं. हे बसमध्ये पाठ केलेलं नव्हतं. कोणी सांगितलं होतं मला बोलायला, पण बोलून गेले.

त्यांनी तेही लिहिलं. मग मागची पानं चाळत, वर न बघता विचारलं, "यातलं तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं?"

"नाही."

"घशाचंसुद्धा?"

"मी लिहिलं नव्हतं," मी म्हटलं. "पण ते सेरि, बरोबर. ते खरं आहे. फळाही तीच पुसते."

मला त्यांच्यासमोर लाज वाटत होती, माझी स्वतःचीच. मग त्यांनी घशाची ती ओळही शेवटी लिहून घेतली, खाली सही केली आणि वही सुनीतीपुढे धरली.

"वाच," त्या म्हणाल्या.

सुनीतीने वाचलं. नापास, शुक्रवार, पुन्हा, सगळं वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आवाज स्थिर होता. घशाच्या ओळीपाशी आल्यावर मात्र तिला पुढे वाचता येईना, तेव्हा ती ओळ तिच्या आईने वाचली.