वहीतली शून्यं

अंगात थंडी भरली तेव्हा मुकादम पलंगावर होता आणि संपली तेव्हा जमिनीवर. मधल्या वीस मिनिटांत त्याने उशी फाडली, पलंगाची फळी लाथेने मोडली आणि त्याला धरायला धावलेल्या बायकोला असा हात मारला, की ती कपाटावर जाऊन आदळली. मारायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण तीस वर्षं घण चालवलेला तो हात औषधाच्या तावडीत सापडला, की घरात कुणाची धडगत नसे.

थंडी ओसरून अंग तापल्यावर तो भिंतीला टेकून बसला. बायकोचं मनगट वाकडं झालं होतं, तरी तिने आधी त्याचा ताप पाहिला. एकशे चार. मग मुकादमाने इस्पितळाची वही पुढे ओढली आणि दर दिवसासारखे रकाने भरले. ताप, नाही. थंडी, नाही. वेदना, शून्य.

"अहो, कुणाला फसवताय?" बायको म्हणाली.

"मला उतरवतील. एकदा उतरवलं की संपलं."

हे बोलणं कळायला पाडकामाची रीत माहीत हवी. जुनी इमारत वरून खाली पाडत आणतात. सगळ्यात वर मुकादम आणि त्याची टोळी असते. त्या टोळीत 'लागलं' म्हणायचं नसतं. जो म्हणतो त्याला खाली पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा असतो. एकदा मुकादमाच्या पोटरीत लोखंडी गज घुसला होता. त्याने तो स्वतः उपसला, फडकं गुंडाळलं आणि समोरची भिंत पाडून मगच खाली आला. टोळीतली माणसं ही गोष्ट अजून सांगत, आणि दर खेपेला गज थोडा जाड होत जाई.

मानेतल्या गाठींचा कॅन्सर झाल्यावर त्याच्यावर तीन उपचार झाले आणि तिन्ही वाया गेले. हे चौथं औषध नवं होतं, अजून चाचणीत होतं. दर सोमवारी ते सलाईनमधून द्यायचे, मंगळवारी घरी असा धिंगाणा व्हायचा, आणि तरीही पाच आठवड्यांत लिंबाएवढी गाठ वाटाण्याएवढी झाली होती. ती गाठ चाचपल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे.

सहाव्या सोमवारी सिस्टरने वही चाळली आणि खूश झाली. असा दणकट माणूस चाचणीला मिळाला हे नशीबच, असं ती म्हणाली. बायकोच्या प्लास्टरकडे पाहून तिने चौकशी केली, तेव्हा न्हाणीघरात पाय घसरला असं मुकादमानेच सांगून टाकलं. बायको खाली मान घालून बसली.

पहिल्याच दिवशी सिस्टरने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. एका पायरीवर तीन रुग्ण. त्यांना औषध सोसलं, तर पुढच्या तिघांना वाढीव मात्रा. मुकादमाने इंजिनिअरपुढे डोलवावी तशी मान डोलावली होती. वही आपली, त्रास आपला, मग लबाडीही आपल्यापुरतीच, असा त्याचा हिशेब होता.

त्या दिवशी पुढच्या पायरीवरची पहिली रुग्ण आली. ती बसमध्ये कंडक्टर होती. बाकावर जागा करायला तिने मुकादमाला "काका, पुढे सरका, मागे जागाच जागा आहे" असं सुनावलं आणि स्वतःच हसली. तिचा भाऊ गॅरेजमध्ये फिटर होता. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"काका, खरं सांगा, फार त्रास होतो का हो?" तिने हळूच विचारलं.

"छे गं. मुंगी चावल्यासारखं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर छताकडे वळवली.

तिचं औषध सुरू होऊन तीन तास होत आले, मुकादमाची पाळी अजून यायची होती, तेव्हा पलीकडच्या पडद्याआडून आधी दातांचा आवाज आला. मग खाट फरशीवर नाचायला लागली. सलाईनचा खांब कोसळला, पडदा फाटला आणि मुकादमाला सगळंच दिसलं. पोरीची पाठ धनुष्यासारखी वाकली होती. डोकं खाटेच्या दांड्यावर धाड धाड आदळत होतं. दातांखाली जीभ आली होती आणि हनुवटीवरून रक्त गळ्यात उतरत होतं. सिस्टरच्या पोटात लाथ बसली, ती कळवळून दुमडली. दोन वॉर्डबॉय पोरीच्या खांद्यांवर अंग टाकून पडले, तरी ती त्यांना उचलत होती.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. हा औषधाचा परिणाम नसणार, रोग मेंदूत गेला असावा, असं त्या सिस्टरला भराभर सांगत होत्या. आधीच्या तिघांत दोघांना नुसती कणकण आली होती आणि मुकादमांना तर तीही नाही. तिला तडक डोक्याच्या तपासणीला न्यायचं ठरलं. खाटेची चाकं मोकळी झाली.

मुकादमाचा हात मानेवर गेला. वाटाण्याएवढी गाठ. आज बोललो तर उद्या आपल्या जागी दुसरा, हे त्याला लख्ख दिसत होतं. पोरीचे ओठ निळे पडले. खाट त्याच्या गुडघ्याला घासून निघाली.

त्याने दांडा पकडून खाट अडवली.

"डॉक्टर, तिला नेऊ नका. हे औषधाचंच आहे. मला दर मंगळवारी असंच होतं, तिला मात्रा जास्त म्हणून आजच."

"वहीत तर..."

"वही खोटी आहे."

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांची फैर झाडली. ताप किती? बायकोने प्लास्टरचा हात पुढे करून उत्तर दिलं, एकशे चार. बोटं निळी होतात? होतात. आधी दात वाजतात? वाजतात. बाईंनी वळून एका इंजेक्शनचं नाव घेतलं, आणि दुमडलेली सिस्टर तशीच वाकून कपाटाकडे पळाली.

फिटरला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने पिशवी खाली ठेवली आणि मुकादमाच्या नाकावर ठोसा हाणला. दुसरा बरगडीत बसला. मुकादमाची मूठ आपोआप वर गेली होती, ती त्याने उघडून खाली आणली. तिसऱ्या ठोशाला तो फरशीवर होता आणि फिटर त्याच्या छातीवर बसून रडत रडत मारत होता. "मुंगी म्हणालास तू तिला. मुंगी." त्याला ओढून काढायला चार माणसं लागली.

पाऊण तासाने खाट थांबली. पोरीचा श्वास सरळ झाला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मुकादमाच्या नाकात कापसाचे बोळे होते. त्या ओरडल्या नाहीत. चाचणी थांबवली आहे, असं त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी समिती बसेल, तोवर त्याला औषध नाही. त्याला परत घेतील की नाही, ते त्यांच्याही हातात नव्हतं. आणि त्या तीन आठवड्यांत गाठ वाढू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. मग वहीत दुरुस्ती कशी करायची ते सिस्टरने शिकवलं. खोडायचं नाही. खोट्यावर एक आडवी रेघ, बाजूला खरं, सही आणि तारीख. पस्तीस पानं. बायको आठवून सांगत गेली आणि तो लिहीत गेला. फाटलेल्या उशीशी आल्यावर दोघंही थांबली, मग तिने प्लास्टर वहीवर टेकवून पान धरलं.

दुसऱ्या दिवशी तो पोरीच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. फिटरने खुर्ची सरकवली नाही, पण हाकललंही नाही. तिच्या जिभेला टाके होते. तिने पाटी मागून लिहिलं, 'परत येईल?'

"येईल," मुकादम म्हणाला. "आज दुपारी. कालच्यापेक्षा कमी, पण येईल. वीसएक मिनिटं चालेल. सातव्या मिनिटाला वाटेल मरतो आता. मरत नाही. नंतर उतरायला लागते."

तिने पाटी त्याच्या अंगावर भिरकावली. कोपरा कपाळाला लागला. त्याने ती उचलून परत तिच्या उशाशी ठेवली.

दुपारी थंडी आलीच. भावाने पाय धरले. पोरीने हात चाचपडत मुकादमाचं मनगट पकडलं आणि नखं मांसात रुतेपर्यंत पिळलं. त्याने हात सोडवून घेतला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तो एकेक मिनिट मोठ्याने सांगत राहिला. सहा. आता सात, ही वाईट. आठ. ही गेली बघ.