मांडवाचा काळा कोपरा

दीपकने कॉन्ट्रास्ट खाली ओढला, तसा पडद्यावरच्या मांडवाचा काळा कोपरा राखाडी झाला.

खामगावात घराच्या पुढच्या खोलीत त्याचं लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचं दुकान. लोकांच्या लेकी उजळवण्यात दहा वर्षं गेली, आणि सख्ख्या बहिणीची, पायलची, फिल्म महिना झाला तरी रखडलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रखडवलं होतं रागाने. वडील नाहीत म्हणून कन्यादान काका-काकूंनी केलं. रीतच तशी, ते ठीक. पण मंगलाष्टकांना आई समोर नसावी? विधवा म्हणून तिला मागे लोटलं ते शालूकाकूनेच, असं त्याने ठरवूनच टाकलं. पाठवणी होताच तो भर मांडवात काकूला नाही नाही ते बोलला. तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद.

त्याच्या हातातल्या कॅमेऱ्यात आई नव्हतीच. दुसरा कॅमेरा बाजूला स्टँडवर लावून सोडला होता. त्याच्यात तरी ती सापडावी, एवढीच त्याची आस होती. त्याने गडद भाग आणखी उचलला. चित्रावर दाणे आले, पायलचा शालू विटला. विटू दे. कोपऱ्यातून आईचं जांभळं पातळ वर आलं.

मुठीत अक्षता घेऊन ती स्टेजच्या पायरीपर्यंत आली होती. शालूकाकू तिचा दंड धरून तिला पुढे ओढत होती.

तेवढ्यात डावीकडून एक हात आला. माशी हाकलावी तसा दोनदा हलला. आई थबकली, मागे सरली, हॅलोजनचा उजेड संपतो तिथवर. अक्षता तिने तिथूनच टाकल्या. नवरीपर्यंत एकही दाणा पोचला नाही.

हाताच्या मनगटाला कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळलेला होता.

"फ्रेम, फ्रेम! मागं व्हा!" प्रत्येक लग्नात तो शंभरदा ओरडायचा. ओरडताना समोर कोण आहे हे कधी पाहिलं होतं त्याने? आणि काकूने त्याचं बोलणं मान खाली घालून ऐकलं, तेव्हा आईने तिचा हात घट्ट धरला होता. त्याला वाटलं होतं, आई घाबरली. त्याला स्वतःची शिसारी आली.

आई चहा घेऊन दारात उभी होती.

"झाली का रे पायलची फिल्म?"

"होऊन राह्यली."

"मी दिसून राह्यली का त्यात?"

त्याने घाईघाईने कॉन्ट्रास्ट वर ढकलला. कोपरा पुन्हा काळा झाला.

"नाही दिसत, आई."

तिने पडद्याकडे नीट पाहिलं. मग सुटल्यासारखा श्वास सोडला आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

"मंग शालूलेही बोलाव पाहाले. तिले लय भेव होतं, तुले दिसलं तं कसं होईन म्हणून."