कवळीवाल्या बाईंचं इंजिन

चष्म्याचं दुकान होतं, म्हणून क्लबातले लोक त्यांना भिंगराव म्हणत. पण हे नाव खरं चिकटलं ते त्यांच्या सवयीमुळे. कुणी नवं मॉडेल आणलं की ते खिशातून भिंग काढून डोळ्याला लावत, आणि खोलीतली बडबड आपोआप थांबे. "या डब्याला डाव्या बाजूला एक रिव्हेट कमी आहे," असं ते म्हणाले की बाकीचे मोजायला लागत. आणि ती खरंच एक कमी असे.

क्लब म्हणजे बंद पडलेल्या शिवणवर्गाची लांबट खोली. टेबलं जोडून त्यांवर रूळ, पूल, बोगदा आणि बोटभर उंचीचं स्टेशन मांडलेलं. वीसेक सभासद, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. अध्यक्ष होते रिटायर झालेले पोस्टमास्तर. आठवडाभर फोनवरच्या ग्रुपवर गप्पा चालत, त्यात बाहेरगावचेही बरेच हौशी होते, आणि रविवारी सकाळी खोलीत गाड्या.

या मंडळींची एक जुनी रड होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांची ऐटबाज इंजिनं छोट्या मापात हवी तेवढी मिळत, पण यार्डात दिवसभर डबे इकडून तिकडे ढकलणारं, शंटिंगचं ठेंगणं डिझेल इंजिन कुणी बनवतच नव्हतं. पोस्टमास्तर म्हणायचे, "मिरवणाऱ्याचे फोटो निघतात हो, घर झाडणाऱ्याचे कोण काढतं?"

ते इंजिन शेवटी बनवलं एका बाईंनी. त्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येत, त्यांवरून त्या कवळ्या आणि दाढांच्या टोप्या घडवत. त्यांच्या सासऱ्यांनी बत्तीस वर्षं यार्डात शंटिंगचं इंजिन चालवलं होतं. म्हाताऱ्याच्या आठवणी, चार जुने फोटो आणि दोन वर्षांच्या सुट्ट्या एवढ्या भांडवलावर बाईंनी करंगळीएवढं इंजिन उभं केलं. एका रविवारी क्लबात येऊन त्या नमुना दाखवून गेल्या. ग्रुपवरच्या चाळीस जणांनी नावं नोंदवली. पहिला तयार नग बाईंनी आपणहून भिंगरावांकडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुमचं मत सगळे मानतात. आधी तुम्ही बघावं अशी इच्छा आहे."

सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंगरावांनी खोका उघडला, इंजिन तळहातावर घेतलं आणि भिंग लावलं. जाळ्या, पायऱ्या, ड्रायव्हरच्या खिडकीची सरकती काच, सगळं जिथल्या तिथे. कौतुक ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कारण हेच इंजिन आपण करणार, असं भिंगराव सहा वर्षं सगळ्यांना सांगत होते. सहा वर्षांत त्यांची मजल एका कागदी आराखड्यापुढे गेली नव्हती. आणि इथे एका बाईनं, जिला रुळांच्या रुंदीचं माप क्लबात येऊन विचारावं लागलं होतं, काम पुरं करून टाकलं होतं.

त्यांनी काउंटरवर हातभर रूळ मांडले, इंजिन ठेवलं आणि कंट्रोलरचं बटण फिरवलं. इंजिन जागच्या जागी थरथरलं. त्यांनी बटण आणखी फिरवलं. करकर आवाज झाला, इंजिन दोन बोटं पुढे उडी मारून थांबलं आणि जळका वास आला. खरं सांगायचं तर भिंगरावांना त्या क्षणी बरं वाटलं. व्हिडिओ काढलेलाच होता. तो ग्रुपवर टाकून त्यांनी खाली लिहिलं, "रंग बरा. रेलिंग सुतळीएवढं जाड. चालण्याबद्दल मी काय बोलू, स्वतःच बघा. ज्याचं काम त्यानं करावं. कवळी करणाऱ्यांनी कवळीच करावी."

तासाभरात ग्रुप पेटला. इलेक्ट्रिशियननं लिहिलं, "हे इंजिन आहे की दाढदुखी?" औषधाच्या दुकानवाल्यानं विचारलं, "रात्री पाण्यात बुडवून ठेवायचं का?" ज्यांनी इंजिन डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं त्यांनाही त्याचे दोष दिसू लागले. कुणाला उंची जास्त वाटली, कुणाला चाकं लहान. एकानं बिचाऱ्यानं लिहिलं, "एका नगावरून कसं ठरवणार?" त्याला उत्तर मिळालं, "भिंगरावांपेक्षा तुला जास्त कळतं का?" संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी नोंदणी रद्द केली. दुसऱ्या दिवशी आणखी पंधरा. बाई ग्रुपवर होत्या. त्यांनी एवढंच लिहिलं, "रविवारी येऊन बघते."

बुधवारी भिंगरावांनी इंजिनाचा तळ उघडला. आतला दोष मोठा करून दाखवावा, असा बेत होता. दातेरी चाकांभोवती त्यांना एक पारदर्शक पट्टी गुंडाळलेली दिसली, अर्धी वितळलेली. तिचं एक टोक तळाच्या फटीतून जेमतेम बाहेर डोकावत होतं. त्यांनी खोका पुन्हा हातात घेतला आणि फोमचा तुकडा उचलला. खाली गुलाबी कागद होता. "प्रवासात दाते हलू नयेत म्हणून तळाशी पट्टी घातली आहे. चालवण्याआधी ओढून काढा."

एक रिव्हेट कमी असली तर ओळखणारा माणूस, आणि त्यानं खोका नीट रिकामा केला नव्हता.

तेव्हाच फोन उचलून दोन ओळी लिहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी फोन उचललाही. बघतात तर ग्रुपवर नवा विनोद आला होता आणि खाली एकवीस हसरे चेहरे. भिंगरावांनी फोन उलटा ठेवला. चिमट्यानं पट्टी काढली, गुलाबी कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तळ पुन्हा बंद केला.

रविवारी बाई आल्या. कुणी त्यांच्याकडे धड बघेना. तोंडावर बोलायची वेळ आली की ग्रुपवरच्या वाघांची मांजरं होतात. बाईंनी टेबलाच्या कोपऱ्यावर रुमाल पसरला, भिंगरावांनी आणलेलं इंजिन उलटं केलं आणि बारीक पेचकसानं तळ उघडला. आत बघताना त्यांचा हात थांबला. मोठ्या दातेरी चाकाच्या दोन दात्यांमध्ये वितळलेल्या प्लास्टिकचा ठिपका राहिला होता. दातांच्या फटीतली घाण शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना तो दिसणारच. त्यांनी मान वर करून भिंगरावांकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास घेण्याइतकंच.

भिंगराव टेबलावरच्या स्टेशनकडे बघत राहिले.

"मग, दोष सापडला का ताई?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"मोटर जळली आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे इंजिन खराबच निघालं."

"बंद पडलं हे खरं आहे." बाईंनी रुमालाची घडी घातली. "यांना दुसरं पाठवते."

त्या गेल्यावर इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बघा, मान्य केलं की नाही?" आणि त्यानं भिंगरावांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्यांना दिवसभर पाठीवर जाणवत राहिली.

पुढचे दोन आठवडे ते क्लबाकडे फिरकले नाहीत. दुसरं इंजिन आलं, तो खोका त्यांनी उघडलाच नाही. दुकानात गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हणून सांगताना स्वतःचीच नजर खाली जाई. एका दुपारी बायको दुकानात डबा घेऊन आली. ती काउंटर पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "अहो, एक विचारू? गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला गेला तर तुम्ही काय करता?"

"काच बदलून देतो. हे काय विचारणं झालं?"

"आणि चूक कुणाची होती म्हणून सांगता?"

भिंगरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती फडकं पिळत होती. "कचऱ्याचा डबा मी रिकामा करते," ती म्हणाली. "गुलाबी कागद वाचला मी. तेव्हापासून वाट बघतेय, आज सांगाल, उद्या सांगाल. त्या बाईला मी ओळखतही नाही, पण माझं जेवणावरचं मन उडालंय."

भिंगराव जेवणाचा डबा न उघडता उठले.

लॅब एका दवाखान्याच्या मागे, पायऱ्या उतरून तळघरात होती. आत प्लास्टरची पांढरी भुकटी, ओळीनं मांडलेले जबडे, आणि मधे बाई एका कवळीला पॉलिश करत बसलेल्या. त्यांनी मशीन बंद केलं.

"ताई, पट्टी मी काढली नव्हती," भिंगराव उभ्या उभ्याच म्हणाले. "कागद नंतर सापडला. सापडल्यावरही गप्प बसलो. दोष माझा होता."

"मला माहीत होतं."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

बाईंनी हातातली कवळी खाली ठेवली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या. "मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, स्वतःचं झाकतेय. तुमच्या तोंडूनच यायला हवं होतं ते. घरी जाईपर्यंत फोन बघत होते मी."

"माफ करा," एवढंच भिंगराव म्हणाले. बाईंनी मानही हलवली नाही आणि रागही काढला नाही. म्हणाल्या, "ते कवळीचं जे लिहिलंत ना, ते मामंजींनी वाचलं. ग्रुप त्यांच्याच फोनवर मोठ्या अक्षरात लावून दिला होता मी. हौसेनं." आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

भिंगरावांनी पायऱ्यांवर बसूनच ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं, पट्टी, कागद, कचऱ्याचा डबा, आणि इंजिन बघून वाटलेला हेवासुद्धा. दुसऱ्या इंजिनाचा व्हिडिओ घरी गेल्यावर टाकला. ते टेबलावरून लोण्यावर सुरी फिरावी तसं गेलं.

त्यांना वाटलं होतं, लोक तुटून पडतील. तसं काही झालं नाही. कुणी लिहिलं, "होतं असं." औषधाच्या दुकानवाल्यानं अंगठा दाखवला. एकजण म्हणाला, "बाईंनी फुकट इंजिन देऊन भिंगरावांना वळवलं वाटतं." रद्द केलेल्या सव्वीस जणांपैकी नऊच परत आले. बाकीच्यांचा उत्साह ओसरला होता, नाहीतर परत यायची लाज वाटत होती. खोटं धावत गेलं होतं, खरं लंगडत मागे निघालं होतं.

पोस्टमास्तरांनी मात्र बाईंना आणि त्यांच्या सासऱ्यांना पुढच्या रविवारी बोलावलं. म्हातारबाबा आले. काठी भिंतीला टेकवून ते यार्डाच्या टेबलापाशी बसले आणि कंट्रोलर मांडीवर घेतला. इंजिन इतक्या हळू पुढे गेलं की डब्याला टेकल्याचा आवाजही झाला नाही. खोलीतले सगळे भोवती जमले.

"कुणीतरी फार वाईट लिहिलं होतं हो याच्याबद्दल," म्हातारबाबा शेजारच्या माणसाला म्हणाले. "त्याचे डोळे तपासायला पाहिजेत."

शेजारी भिंगराव होते. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बाबा, तो मीच," भिंगराव म्हणाले. "चूक माझी होती. मी तसं सांगितलं, पण उशिरा."

म्हातारबाबांनी इंजिन थांबवलं. त्यांच्याकडे नीट वळून बघितलं. "यार्डात डबा रुळावरून घसरला ना, की ज्याच्या हातून घसरला त्यानं तिथल्या तिथे शिट्टी मारायची. मागून दुसरी गाडी येत असते. तुम्ही किती दिवसांनी मारलीत?"

"एकवीस."

म्हातारबाबांनी मान डोलावली, रागानं नाही, आकडा लक्षात ठेवावा तशी. मग ते पुन्हा टेबलाकडे वळले आणि तीन नंबरच्या रुळावरचे डबे ओढू लागले. सून त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. भिंगराव उठले नाहीत. उठून गेलं तर बरं वाटेल, हे त्यांना कळत होतं, म्हणूनच ते बसून राहिले.