अभिषेकाच्या वाटेवरची माफी

गेबहार्टला राजा निवडलं ते त्याच्या शौर्यामुळे, असं आता भाट गातात. थापा सगळ्या! त्याच्याकडे ना फारसे किल्ले, ना सैन्य. हा आपल्या मुठीत राहील म्हणून सरदारांनी आणि बिशपांनी त्याला गादीवर बसवलं. मी वेत्सेल, त्याचा खासगी कारभारी. लहानपणापासून त्याच्याबरोबर होतो, तेव्हा मला कोणी शिकवू नये.

अभिषेकाच्या सकाळी, आखेनला, त्याला झगा चढवताना मीच शहाणपणा केला. म्हटलं, "महाराज, आज मऊ राहू नका. आज वाकलात तर हे लोक जन्मभर डोक्यावर मिरे वाटतील."

"बघू रे," तो हसला. "तू आधी हा पट्टा नीट आवळ."

चर्चच्या वाटेवर चिखलात एक माणूस हात पसरून पालथा पडला होता. माझा धाकटा भाऊ, इम्मो! दोन वर्षांपूर्वी त्यानं गेबहार्टच्या किल्ल्याचं दार वैऱ्याला उघडून दिलं होतं, आणि तेव्हापासून तो रानोमाळ लपत होता. आमच्याकडे रीत अशी, की अभिषेकाला निघालेला राजा वाटेत पाया पडलेल्याला झिडकारत नाही. इम्मोची सारी भिस्त त्या रितीवर.

गेबहार्ट थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण सगळे सरदार टक लावून बघत होते, आणि सकाळी एवढं बोलून आता भावासाठी तोंड कसं उघडायचं? मी करंट्यानं मान खाली घातली. राजा वळसा घालून पुढे गेला.

"कडक आहे हो," सरदार आपसात म्हणाले. इम्मोला देशाबाहेर, बोहेमियाला हाकललं.

तो दरारा तीन वर्षंही टिकला नाही. पुढची आठ वर्षं गेबहार्ट या गढीतून त्या गढीत फिरत राहिला. याची समजूत घाल, त्याचं बंड मोड. यंदा गोस्लारला त्यानं अंथरूण धरलं तेव्हा म्हणाला, "वेत्सेल, इम्मोला बोलाव. त्या दिवशी माझं चुकलं."

"तुमचं नाही, महाराज. माझं."

"दोघांचं म्हण. पण लवकर बोलाव."

मी बोहेमियाला स्वार धाडला. इम्मो पोचला तेव्हा गेबहार्टला पुरून चार दिवस झाले होते. माफी द्यायची तर राजानंच, आणि देशात राजाच नव्हता! नवा निवडायला सरदार कधी जमतील, देव जाणे. त्या किल्ल्याच्या दारात ज्यांची माणसं मेली, ते तर गावात इम्मोची वाटच बघत होते. मी त्याला वेशीबाहेरच गाठलं. केस पांढरे, पुढचे दात गेलेले.

"परत फीर, इम्मो. त्यानं तुला माफ करायचं ठरवलं होतं रे. पण साक्षीला मी एकटा, तुझा सख्खा भाऊ. माझं कोण मानणार?"

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "दादा, त्या दिवशी त्यानं तुझ्याकडे बघितलं, ते मी चिखलातून पाहिलं होतं. तू माझ्यासाठी रदबदली केली असणारच. त्यानं नाही ऐकलं, त्याला तू काय करणार? त्याच एका गोष्टीवर मी अकरा वर्षं काढली."

मला खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगतो, अगदी ओठांवर आलं होतं.

"हो रे," मी म्हणालो. "खूप विनवलं त्याला."

"ठाऊक होतं मला," इम्मो म्हणाला, आणि मेलेल्या राजाला एक शिवी हासडून बोहेमियाच्या वाटेला लागला.