लेआर्कोची चूक

मित्रांनो, मी शर्यतीची मोटार आहे. आता जुनी झाले. माझं इंजिन कित्येक वर्षांत कुणी सुरू केलेलं नाही.

मोदेना शहराबाहेर मालागोली मालकांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आर्दीलिओ नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माझा पत्रा हातोडीने ठोकून घडवला. मला चालवायला लेआर्को आला. तो बेकरीवाल्याचा मुलगा. त्याचा हात इतका हलका, की गिअर टाकताना मला कधी दुखलं नाही.

वसंतात आम्ही लागोपाठ तीन शर्यती जिंकल्या. मालक सगळ्यांना ऐकवत, "माझी गाडी आहे ती! माकड बसवलं तरी जिंकेल." लेआर्को हसायचा. त्याची बायको इनेस मात्र हसायची नाही.

उन्हाळ्यात मिलानच्या संघाने त्यांचा चालक फोस्साती याच्यासाठी नवी गाडी आणली. सरळ रस्त्यावर ती मला सहज मागे टाकायची. माझ्यात तेवढा दमच नव्हता. मग गेलेलं अंतर लेआर्को वळणांवर भरून काढू लागला. ब्रेक उशिरा दाबायचा. पुढच्या शर्यतीत आणखी उशिरा. माझे ड्रमचे ब्रेक तापायचे आणि पेडल मऊ पडायचं. एकदा सगळ्यांच्या पुढे असताना आम्ही गिरकी खाऊन गवतात गेलो. नंतर एकदा कडेला रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांवर आदळलो. वर्षाचं विजेतेपद हातचं निसटू लागलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, लेआर्को दडपणाखाली चुका करतो.

"मालक, डिस्क ब्रेक बसवा," तो म्हणाला. "मिलानवाल्यांनी बसवलेत. ते तापले तरी धरतात."

"गाडी ठीक आहे. बिघडलंय ते तुझं डोकं. परत पाव भाजायला जायचंय का?"

"मालक, पोरगा खरं बोलतोय," आर्दीलिओ म्हणाला. "ब्रेकचं अस्तर जळून कोळसा झालंय."

"मग नवं अस्तर लाव. एकच शर्यत राहिलीय. आता बाकी काही बदलायचं नाही."

त्या शेवटच्या शर्यतीला लेआर्को आणि फोस्साती दोघांचे गुण सारखे होते. जो पुढे राहील, तो विजेता. अर्ध्यावर फोस्सातीने चुकीचा गिअर टाकला, त्याची गाडी वळणाबाहेर गेली आणि आम्ही पुढे निघालो. पण थोड्याच वेळात तो पुन्हा पाठीला लागला. माझं पेडल खोल जायला लागलं होतं. लेआर्कोने मालकांसमोरून जाताना हात वर करून मग खाली पायाकडे, ब्रेककडे बोट दाखवलं. मालकांना ते दिसलं. त्यांनी मूठ हलवली, 'आणखी जोरात!'

तेव्हा त्याने वेग कमी केला असता, तर तो दुसरा आला असता. त्याने केला नाही. ही त्याची चूक, मी नाकारत नाही. सरळ रस्ता संपताना फोस्साती शेजारी आला. लेआर्कोने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं. मी झाडावर आदळले. लेआर्को माझ्यातच गेला.

"चालकाची चूक," मालकांनी बातमीदारांना सांगितलं. "गाडीत दोष नव्हता." आर्दीलिओ टोपी हातात धरून शेजारी उभा होता.

हिवाळ्यात त्यांनी मला पुन्हा बांधलं. डिस्क ब्रेक बसवले, त्याबद्दल अवाक्षर न काढता. पुढच्या वर्षी नव्या चालकाला घेऊन मी विजेतेपद मिळवलं. कारखान्यात मेजवानी झाली. त्याच दिवशी इनेस लेआर्कोचं शिरस्त्राण न्यायला आली. माझ्या चाकापाशी थबकली.

"आर्दीलिओकाका, हे ब्रेक नवीन आहेत ना?"

"हो गं. हिवाळ्यात बसवले."

"फार अवघड होतं का?"

आर्दीलिओने मान खाली घातली. "नाही गं."

"म्हणजे बसवता येत होते."

शेजारच्या खोलीत मालकांच्या नावाने पेले उंचावले जात होते. इनेस शिरस्त्राण पोटाशी धरून निघून गेली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आमचं दुखणं आम्हाला चालवणारा सांगतो. ब्रेक लागत नाही असं तो म्हणाला, तर आधी चाक उघडून पाहा. चूक कोणाची, हे ठरवायला नंतर उभा जन्म पडलेला असतो.