ऑक्टोपसचा कागद आणि रेडिओ आजोबा

मी एक जुना कागद आहे. निदान मला तरी तसं वाटतं. माझ्यावर एक ऑक्टोपस छापलेला आहे, त्यामुळे बरेच जण मला ऑक्टोपसच म्हणतात. काहींना मी कोळी वाटतो. एका दाढीवाल्या गृहस्थांनी तर मला वाऱ्याने उलटी झालेली छत्री ठरवून टाकलं होतं. तेव्हा मित्रांनो, ज्याला स्वतःचाच पत्ता नीट ठाऊक नाही, अशाची ही हकिगत आहे. कुठे गोंधळ झाला तर सांभाळून घ्या.

माझी सुरुवात नेमकी कुठे झाली, ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी मला संगणकावर काढलं. गोल डोकं, दोन टपोरे डोळे, आठ लांब हात, आणि सगळीकडे नुसती काळी रेघ. आत रंगाचा टिपूस नाही. वर लिहिलं होतं, 'लहान मुलांसाठी रंगवायची चित्रे'. एके दिवशी एका कचेरीत एका बाईंनी बटण दाबलं आणि मी एका अरुंद फटीतून गरमागरम बाहेर आलो. मी जरा विसावतो न विसावतो तोच माझ्यामागून आणखी एक मी बाहेर आला! त्याच्यामागून आणखी एक! यंत्र अडकलं असं वाटून बाईंनी बटण पुन्हा पुन्हा दाबलं होतं. आता यांतला खरा मी कोणता? मी त्यांच्याकडे टकामका पाहत होतो आणि ते माझ्याकडे. पुढे माझ्या एका भावाची होडी झाली, दुसरा कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली गेला. मी उरलो, म्हणून मीच मी, असं मी धरून चाललो आहे.

बाईंनी आम्हाला घरी आणलं. घर म्हणजे पुढे केस कापायचं दुकान आणि मागे राहायच्या खोल्या. दुकानात भिंतभर आरसा आणि आरशासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं, दुसरीवर पांढरं कापड झाकलेलं. दुकान बाईंचे यजमान चालवत. त्यांची मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिला पाहून मी मनात म्हटलं, ही आली माझी मालकीण. पण बाई भिंगरीला ओलांडून पुढे गेल्या आणि खिडकीपाशी बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या माणसाच्या मांडीवर त्यांनी मला ठेवलं.

मी चक्रावलो. माझ्या डोक्यावर एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं यांना दिसत नाही की काय?

ते भिंगरीचे आजोबा होते. दुकान त्यांनीच थाटलेलं, झाकलेली खुर्चीही त्यांचीच. एके काळी त्यांच्या कात्रीपेक्षा त्यांची जीभ जास्त चाले. कोणाचा जावई रुसला, कोणत्या गल्लीत नळ कोरडे पडले, कोणाच्या घरी जुळी झाली, सगळ्या बातम्या त्यांच्याकडे. म्हणून गिऱ्हाइकं त्यांना 'रेडिओ' म्हणत. मग एका सकाळी कोणाची तरी दाढी करता करता त्यांच्या हातून वस्तरा गळून पडला. अर्धांगवायूचा झटका होता. पायांत बरीचशी ताकद परत आली, उजवा हात मात्र लोंबताच राहिला. आणि शब्दांचा पार गुंता झाला. मनात पाणी असे आणि तोंडातून 'बूट' निघे. आपण भलतंच बोललो हे त्यांना लगेच कळे, आणि तेच त्यांना सोसत नसे.

लोकांना वाटे, यांना ऐकू येत नाही. शेजारचा बेकरीवाला त्यांच्या कानाशी जाऊन ओरडे, "काय आजोबा, जेवलात काऽऽ?" कोणी त्यांच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोले. हळूहळू आजोबांनी बोलणंच टाकलं. रेडिओ बंद पडला.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलंय. डाव्या हाताने रोज थोडं रंगवायचं आणि रंगाचं नाव घ्यायचं. हा बघा, ऑक्टोपस आणलाय तुमच्यासाठी."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खडूंच्या पेटीकडे पाहिलं. पेटीवर एक अस्वल दात काढून हसत होतं. आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी डाव्या मुठीत मला चुरगाळलं आणि पलंगाखाली भिरकावून दिलं.

माझं काय चुकलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी काही बोललोसुद्धा नव्हतो.

मला बाहेर काढलं ते भिंगरीने. तिने मला फरशीवर ठेवून तळहाताने घासून घासून सपाट केलं आणि आजोबांना दाखवलं. "बघा काय केलंत! सुरकुत्या पाडल्या त्याला. आता हा पण म्हातारा झाला."

आजोबांच्या तोंडाची एकच बाजू हलली. दुसरी बाजू ढिम्म. हे हसू आहे की राग, हे मला ओळखता येईना, पण भिंगरीने ते हसूच धरलं आणि त्यांच्या खुर्चीला खेटून बसली.

"याचे हात रिकामे आहेत, आजोबा. काय देऊ याच्या हातात?"

आजोबांनी खिडकीतल्या कंगव्याकडे बोट केलं. पुष्कळ खटपट केली आणि म्हणाले, "चप्पल."

भिंगरी खळखळून हसली. पण ती हसली तसं आणखी कोणी हसलं असतं तर आजोबा उठून गेले असते. तिने माझ्या एका हातात कंगवा काढला आणि जाहीर केलं, "आजपासून कंगव्याचं नाव चप्पल." मग तिने माझं डोकं जांभळं केलं. आजोबांनी डाव्या हातात हिरवा खडू धरला आणि माझ्या पोटावर ओढला. रेघ पोटातून निघाली ती थेट कागदाबाहेर, त्यांच्या मांडीवरच्या चादरीवर गेली. मला गुदगुल्या झाल्या.

मी ते नाव मन लावून पाठ केलं. कंगवा म्हणजे चप्पल. आणि दुसऱ्या दिवशी आजोबा त्याच कंगव्याला म्हणाले, "विमान."

"विमान कसं काय?" भिंगरी म्हणाली. "काल चप्पल ठरली होती ना?"

"विमान," आजोबा म्हणाले. मग मान हलवून, "नाही. सोमवार."

"असं नाही चालत! तुम्ही सारखे नियम बदलता. मला नाही खेळायचं!" भिंगरीने खडू फेकले आणि पाठ फिरवली. मित्रांनो, खरं सांगतो, मी तिच्याच बाजूचा होतो. आधीच मला स्वतःविषयी काही नक्की माहीत नाही, त्यात कंगवाही रोज नाव बदलू लागला तर माझ्यासारख्याने करायचं काय?

आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचे डोळे भरून आले होते. भिंगरीने हळूच मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी तिचं बोट आपल्या डाव्या हातात धरलं आणि माझ्या हातातल्या कंगव्यावर नेऊन टेकवलं. मग तेच बोट स्वतःच्या विस्कटलेल्या केसांकडे नेलं.

"कंगवा हवाय? विंचरू?"

आजोबांनी मान डोलावली. भिंगरीने त्यांचे केस विंचरले, भांग भलत्याच बाजूला पाडला आणि आरसा आणून दाखवला. आजोबांनी त्या भांगाला हात लावला नाही.

त्या दिवसापासून माझ्या हातांत वस्तू वाढत गेल्या. पाण्याचा पेला आला, पंखा आला, औषधाची बाटली, कात्री, दुकानातली झाकलेली खुर्ची. आजोबा बोट ठेवत आणि भिंगरी धावे. शब्द येत ते येत, चुकत ते चुकत. एका हातात तिने आपल्या बाबांचं तोंड काढलं आणि त्यावर काळ्या खडूने एवढं रान माजवलं की डोळे दिसेनात. त्यात खोटं काही नव्हतं. भिंगरीचे बाबा दिवसभर दुनियेचे केस कापत, पण त्यांचं स्वतःचं डोकं लहानपणापासून फक्त अण्णांच्या हाताखाली गेलं होतं, आणि तेही त्याच खुर्चीत. अण्णा आजारी पडल्यापासून त्यांच्या केसांना कात्री लागलीच नव्हती.

"दुसऱ्या कोणाकडे तरी जा ना," भिंगरीची आई म्हणे. "गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"जाईन," ते म्हणत, आणि जात नसत.

मग एकदा भिंगरीच्या बाबांनी ठरवलं की झाकलेली खुर्ची काढायची आणि तिथे केस धुवायचं बेसिन बसवायचं. खुर्ची त्यांच्या एका मित्राच्या नव्या दुकानात जाणार होती. अण्णांना हे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. टेम्पोवाला आला आणि त्याने खुर्चीचं कापड ओढलं, तेव्हा बेकरीवाला शेजारच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसला होता. मी भिंगरीच्या हातात होतो.

खडखडाट ऐकून आजोबा पाय ओढत बाहेर आले. त्यांनी खुर्ची पाहिली, टेम्पोवाल्याला पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "पाऊस!"

टेम्पोवाल्याने दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"पाऊस! पाऊस!"

"ऊन पडलंय हो आजोबाऽऽ!" बेकरीवाला ओरडला.

"अण्णा, आत चला," भिंगरीचे बाबा म्हणाले. "कळतंय मला. तुमची खुर्ची आहे. पण किती दिवस झाकून ठेवायची सांगा? तिच्याकडे बघवत नाही मला."

आजोबांनी जोरात मान हलवली. नाही.

"बरं, नाही देत. राहू दे रे, टेम्पो घेऊन परत जा तू."

आजोबांनी पुन्हा मान हलवली. हेही नाही! ते खुर्चीवर हात आपटू लागले. खुर्ची न्यायची तरी नाही, ठेवायची तरी नाही, मग हवं तरी काय? टेम्पोवाला माझ्यासारखाच बावचळला. बेकरीवाल्याच्या हनुवटीवरचा फेस ओघळून गळ्यात गेला. आजोबा बोलत होते, शब्दामागून शब्द येत होते, आणि एकही धड नव्हता. शेवटी भिंगरीने मला त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी कात्रीवर बोट ठेवलं. मग खुर्चीवर. मग त्या रान माजलेल्या डोक्यावर.

"बाबांचे केस!" भिंगरी ओरडली. "बाबांचे केस कापायचेत आजोबांना!"

"अण्णा, पण तुमचा हात..." भिंगरीचे बाबा म्हणाले. आजोबांनी डावा हात वर केला.

"डाव्या हाताने?" बेकरीवाला पुटपुटला. "कान जाईल की त्याचा."

भिंगरीचे बाबा खुर्चीत बसले. भिंगरीने मला आरशापाशी ठेवलं आणि त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. तिने कंगव्याने केस उचलून धरायचे आणि आजोबांनी कापायचे, असं सुरू झालं. डाव्या हातात कात्री नीट चालेना. ती केस कापण्याऐवजी चावत होती. आजोबांच्या कपाळावर घाम आला. काय चाललंय हे पाहायला भिंगरीच्या बाबांनी आरशाकडे डोकं वर केलं, आणि त्याच क्षणी आजोबा म्हणाले,

"मान खाली."

अगदी स्वच्छ. पूर्वी म्हणत असतील तसं, जरा दरडावून.

भिंगरीच्या बाबांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. बेकरीवाल्याने टॉवेलने डोळे पुसले, फेस तसाच राहिला. मला काही उमगेना. दोनच तर शब्द होते, आणि त्यांत रडण्यासारखं काय होतं? मी अजूनही कधी कधी त्यावर विचार करतो.

"आता तो पोस्टमन दे," आजोबा भिंगरीला म्हणाले. तिने निमूट कंगवा दिला.

केस झाले एकदाचे. एका कानावर जिने पडले होते आणि मागे एक टेकडी राहिली होती. आजोबांनी मुलाच्या मानेवरचे केस झटकले, खुर्चीला थोपटलं आणि टेम्पोवाल्याला हाताने खूण केली, न्या. भिंगरीचे बाबाच आता म्हणू लागले, "राहू द्या, अण्णा, राहू द्या." पण आजोबांनी दाराकडे बोट धरून ठेवलं. खुर्ची गेली.

भिंगरीचे बाबा ते केस तसेच मिरवत राहिले. "कोणी कापले हो?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "अण्णांनी." बेकरीवाला मात्र घाईने म्हणे, "माझे आपले तूच काप हं."

आता मी आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेला आहे. फवाऱ्याच्या पाण्याने माझा जांभळा रंग फिकट झाला आहे, घड्यांत बारीक केस अडकले आहेत, एक कडा कुरतडल्यासारखी झाली आहे. आरशात माझ्याकडे पाठ करून एक कागद उभा असतो. तो मी की माझा होडी झालेला भाऊ, ते समजत नाही.

आजोबा बेसिनपाशी स्टुलावर बसतात आणि पुन्हा बोलतात. काही शब्द जागेवर येतात, बरेच येत नाहीत. काल त्यांनी केस धुवायला आलेल्या एका नव्या माणसाला लांबलचक गोष्ट सांगितली. तीत एक शिडी लग्नाला गेली होती आणि पोस्टमनने तिला पाण्यात वाळवली होती. मला ओ की ठो कळलं नाही. तो माणूस ओल्या केसांनी तसाच बसून राहिला. हसला नाही, ओरडला नाही, मधेच शब्द पुरवला नाही. आजोबा अडकले की तो त्यांच्या बोटाकडे बघत थांबे.

मित्रांनो, मला फारसं काही कळत नाही, पण एवढं मागतो. तुमच्या घरी, शेजारी असं कोणी असेल, तर त्या माणसासारखं थांबा. त्यांना बाळ समजू नका. आजोबांची गोष्ट संपली तेव्हा त्या माणसाने टॉवेल खांद्यावर टाकला, दुसरं एक स्टूल त्यांच्याजवळ ओढलं आणि विचारलं,

"बरं, मग पुढे काय झालं?"