दाढीचे दिवस

"गळ्याशी जरा जपून," कारभारी म्हणाला आणि वस्तऱ्याखाली मान ताणून त्याने निवांत डोळे मिटले.

ज्याच्या गळ्यावर वस्तरा असतो त्याने घाबरायचे, असा जगाचा साधारण रिवाज आहे. इथे घाबरला होता तो न्हावी.

"महाराज दुपारी नदी उतरतायत," कारभारी डोळे मिटूनच बोलला. "मी सामोरा जाणार. आमचे पांगळे मालकही यायचं म्हणतायत. येऊ देत. तू घरी बस. पोट बिघडलंय म्हण."

"त्यांना धरून न्यायला दुसरं कोणी नाही, कारभारी. गाढवं तर तुम्हीच..."

"गाढवं मी महाराजांच्या सेवेला नेली होती. आणि हे बघ, बंडाच्या दिवसांत राजपुत्राचे केस कोणी कापले, हे आख्ख्या गावात दोघांनाच माहीत आहे. एक तू. दुसऱ्याची दाढी नीट कर."

न्हाव्याने नीट केली. आयुष्यात इतकी गुळगुळीत दाढी त्याने कोणाची केली नव्हती.

प्रकरण तसे सरळ होते. म्हाताऱ्या राजावर त्याचाच मुलगा उठला आणि राजा अनवाणी पळाला. न्हाव्याचे मालक आधीच्या राजाचे नातू. लहानपणी असल्याच एका पळापळीत दाईच्या हातून पडले आणि दोन्ही पायांनी अधू झाले. अशा माणसाला नवा राजा सहसा जिवंत ठेवत नाही. या राजाने जमीन दिली आणि रोज आपल्या पंगतीला बसवले. तो पळाला त्या दिवशी मालक कारभाऱ्याला म्हणाले, गाढवावर खोगीर घाल, मलाही जायचंय. कारभाऱ्याने खोगीर घातले, भाकऱ्या आणि फळे लादली आणि एकटाच निघून गेला. वाटेत राजाला गाठून म्हणाला, "मालक मागेच राहिले, महाराज. म्हणाले, आता आजोबांची गादी मला मिळणार." जीव मुठीत धरून पळणाऱ्या माणसाला चौकशीला सवड नसते. राजाने मालकांची सगळी जमीन कारभाऱ्याला देऊन टाकली. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. हे काम न्हावी करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी न्हावी नेहमीसारखा गेला, तर मालक म्हणाले, "महाराज परत येईपर्यंत नको." दाढी नाही, नखे नाहीत, अंगावरचे कपडेसुद्धा बदलले नाहीत. तरी न्हावी रोज जायचा. वस्तऱ्यांची धोपटी उघडायचा, दाढीकडे बघायचा, धोपटी बांधायचा. शेतकऱ्याने पीक बघावे तसे. त्या दाढीचा प्रत्येक दिवस त्याला पाठ होता.

मधेच एकदा शिपाई येऊन त्याला वाड्यावर घेऊन गेले. राजपुत्राच्या केसांचा देशभर लौकिक होता. "टोकंच फक्त," राजपुत्र म्हणाला. न्हाव्याने टोकेच कापली. तू कोणाच्या बाजूचा, असे कोणी विचारले नाही, हे त्याला तेव्हा फार बरे वाटले. पुढे लढाईत त्याच केसांनी राजपुत्र झाडाच्या फांदीला लटकला आणि मारला गेला. केस जरा आखूड केले असते तर राजपुत्र वाचला असता आणि न्हावी तिथेच मेला असता. आता राजपुत्र मेला होता आणि न्हाव्याच्या जिवाची खात्री नव्हती ती नव्हतीच. दारावर कोणी थाप मारली की तो मागच्या खोलीत जाऊन वस्तऱ्याला धार लावत बसायचा. सगळे वस्तरे धारेने अर्धे झाले होते.

"अहो, जाऊ नका," बायको म्हणाली.

"मालक चालणार कसे?"

"मग जा. पण तोंड घरी ठेवून जा."

तिच्या माहेरी सगळेच असे बोलतात. न्हाव्याने शेजारच्या कुंभाराचे गाढव मागून आणले, मालकांना वर बसवले आणि सवयीने धोपटी काखेत मारली.

नदीवर ही गर्दी. दोन महिन्यांपूर्वी राजपुत्राच्या नावाने ओरडून बसलेले घसे आता राजाच्या नावाने मोकळे झाले होते. राजा दगडावर बसला होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. पोरासाठी रडून त्याचे डोळे सुजले होते.

"तू माझ्याबरोबर का आला नाहीस?" त्याने मालकांना विचारले.

"महाराज, मी अधू. गाढवावर खोगीर घाल म्हणालो, तर माझाच माणूस गाढवं घेऊन गेला. तुमच्यापाशी काय बोलला ते नंतर कानावर आलं. तुम्ही गेल्यापासून अंगाला पाणी लावलेलं नाही."

"ही दाढी पंधरा दिवसांची आहे, महाराज," कारभारी नम्रपणे म्हणाला. "यांच्या घराण्यात केस भराभर वाढतात. आणि मळ काय, कोणालाही लावता येतो."

राजा दाढीकडे बघत राहिला. मग त्याची नजर न्हाव्याच्या काखेतल्या धोपटीवर गेली.

"तू यांचा न्हावी ना? किती दिवसांची आहे ही?"

न्हाव्याच्या तोंडात आकडा तयार होता. कारभाऱ्याने आपल्या गुळगुळीत गालावरून सावकाश हात फिरवला. शेजारी शिपाई उभा होता, त्याच्या तलवारीला कोणीतरी छान धार लावलेली होती. न्हाव्याला उगाच वाटले, काम चांगले आहे.

"महाराज, दाढीचं काय... कोणाची लवकर वाढते, कोणाची उशिरा. तसा अंदाज सांगता येत नाही."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"पुरे आता," राजा म्हणाला. "जमीन दोघांनी निम्मी निम्मी घ्या." खरे-खोटे निवडत बसण्यापेक्षा वाटणी केव्हाही सोपी.

"सगळी त्यालाच घेऊ द्या," मालक म्हणाले. "तुम्ही सुखरूप परत आलात."

राजाने झटकन वर पाहिले. काहीतरी बोलेल असे वाटले. पण हुकूम सुटला होता, लेखनिकाने लिहूनही घेतला होता, आणि मागे पुष्कळ लोक रांगेत उभे होते.

परतीच्या वाटेवर मालकांनी बिनपाण्याने केली असती तर न्हाव्याला बरे वाटले असते. घरी पोहोचल्यावर ते भिंतीला टेकून बसले. "आता कर," एवढेच म्हणाले.

न्हाव्याने पाणी आणले. दाढी भिजवली. बराच वेळ नुसतीच भिजवत राहिला.

"बाहत्तर दिवस, मालक," तो म्हणाला.

"असतील. मी काही मोजले नाहीत."

वस्तरा गालावर टेकला आणि थांबला.

"तू वाड्यावर गेलास ते मला त्याच दिवशी कळलं होतं," मालक म्हणाले. "तुझ्या बाहीला हातभर लांब केस चिकटला होता. असले केस या देशात एकालाच होते."

न्हाव्याने वस्तरा गालावरून उचलला. "मग... मग महाराजांना का नाही सांगितलंत? कारभाऱ्याच्या दहशतीनं हा खोटं बोलतोय असं? जमीन वाचली असती की."

"जमीन निम्मी तरी मिळते. मान निम्मी मिळत नाही. कर तू सावकाश."

मालकांना दिवसभराच्या प्रवासाचा शीण होता. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा त्यांना गाढ झोप लागली आणि डोके न्हाव्याच्या डाव्या तळहातात येऊन पडले. न्हाव्याने वस्तरा हळूच खाली ठेवला. हाताला मुंग्या आल्या, पाणी गार झाले, तरी तो ते डोके तसेच धरून बसून राहिला.